बसलेला दोर

बाबा, माझी सासू अजून जिवंत आहे. गुडघे गेले, दिसतं कमी, पण परवापर्यंत रोज सकाळी पेज पिताना एकदा तरी ती आपल्या मुलाबद्दल म्हणायचीच. "घायकुतो होतो माजो झील. घाईन गेलो." हे वाक्य तिचं नाही, तुमचं आहे. तुम्ही ते वाळूत, कलंडलेल्या होडीशेजारी उभं राहून म्हणालात, अजून यांना होडीखालून बाहेरही काढलं नव्हतं तेव्हा. "जावयान झटको मारूक लावल्यान. दोर काय करतलो?" सगळी वाडी ऐकत होती. दोराच्या बाबतीत तुमच्या शब्दापुढे कोण बोलणार? त्या दिवशी माझा नवरा गेला आणि त्याच दिवशी तो स्वतःच्या मरणाला कारणीभूतही ठरला. मला हे पत्र त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे. पहिल्या गोष्टीचं मी जे काही करायचं ते करून झालं.

तुमचा दोर मला लहानपणापासून पाठ आहे. खाडीच्या चिखलात कुजत घातलेली नारळाची सोडणं, त्यांचा वास, ती बडवून काढलेला काथ्या, आणि तुम्ही मागे मागे सरकत सुंभ वळताय, मी दुसऱ्या टोकाला फिरकी धरून उभी आहे. हाताला फोड येतात, सांगायची सोय नाही. वळून झाला की दोर ओला करून दोन माडांमध्ये बांधायचा आणि मधोमध जांभा दगड लटकवायचा. दगड दिवसेंदिवस खाली येत जातो. मी शाळेतून आले की आधी दगड बघते. एके दिवशी तो यायचा थांबतो. मग तुम्ही दोरावर टिचकी मारता, कान लावता आणि म्हणता, "आता हो बसलो. आता हो दगो देवचो नाय." काथ्याच्या दोराला ते खरंच होतं. नवा सुंभ ताणतो, सैल पडतो, गाठ सोडतो. बसलेला दोर सांगितलं तेवढंच करतो. लोक देवगडहून, कुणकेश्वराहून तुमच्याकडे यायचे ते बसलेल्या दोरासाठी. आणि तुमची माणसांबद्दलची मतंही तीच होती. माणूस बसलेला असावा. मुलगी बसलेली असावी. सातवीनंतर माझी शाळा बंद केलीत तेव्हा आईला म्हणालात, आता तिला घरात बसू दे, ताण काढू दे.

मग नायलॉन आला. तुम्ही त्याला बरीच वर्षं नावं ठेवलीत. हातात घेऊन ओढून बघायचात आणि तोंड वाकडं करायचात. "हो रबरासारको ताणता. असल्या दोराचो काय भरवसो?" पण सुंभ कोणी घेईना. शेवटी तुम्हीही नायलॉन आणलात, आणि त्याला तुमच्या मते शहाणं करायला घेतलंत. तेच दोन माड, तोच जांभा दगड. फरक एवढाच की नायलॉन बसायला तयार नव्हता, म्हणून तो उन्हाळाभर तिथे राहिला. पावसाळ्यात आत, मग पुन्हा बाहेर. पुढचा उन्हाळा, त्याच्या पुढचा. निळ्याचा पांढरट झाला. मग एकदाचा कडक झाला, ताणेनासा झाला, आणि तुम्ही टिचकी मारून कान लावलात.

आपल्या वाडीची रीत आहे, नव्या होडीचा ओढायचा दोर बाईच्या माहेरून येतो. यांनी फायबरची होडी घेतली तेव्हा तुम्ही तो दोर घेऊन आलात. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. दुकानातून नवा आणला असतात तरी चाललं असतं, पण तुम्हाला सर्वांत चांगला द्यायचा होता, हे मी आजही नाकारत नाही. दोर गुंडाळून ठेवताना माझ्या तळव्यांना पांढरं पीठ लागलं आणि बारीक बारीक केस टोचले, कुसळांसारखे. तुम्ही माझ्या रांदपाच्या खोलीत चुलीजवळ पाटावर बसून चहा पीत होता. मी म्हटलं, "बाबा, ह्येचा पीठ पडता. धागे तुटान हातात येतत." तुम्ही बशी खाली ठेवलीत. चढ्या आवाजात बोलला नाहीत, तुम्ही कधीच बोलत नव्हता. "चार बुका वाचलंस म्हणान तुका दोर कळाक लागलो? पेज उतू जाता ती बग आदी." पेज खरंच उतू जात होती. सासू हसली, जाऊ हसली, मीही हसले. तुम्ही गेल्यावर मी यांना म्हटलं, आपण नवा आणूया. ते म्हणाले, "तेंका वायट वाटतला. वर्साक एकदा होडी वर घेवक लागता तो दोर. ऱ्हवांदे." तुमचं मन राखायला त्यांनी तो दोर ठेवला, बाबा. घायकुत्या माणसाला एवढा धीर नसतो.

पावसाळ्याआधी होड्या वर ओढायचा तो दिवस. दोर माडाला बांधलेल्या कप्पीतून गेलेला, पुढे माणसं ओढतायत, तुम्ही कप्पीजवळ. हे मागे, होडीला खांदा लावून. होडी अर्ध्या चढावर रुतली. हे ओरडले, "मारा झटको, येकदम मारा." दर वर्षी प्रत्येक होडीला कोणीतरी असंच ओरडतं. झटका बसला आणि आवाज आला, सुकं लाकूड मोडल्यासारखा. दोर आधी कण्हला नाही, बारीक झाला नाही, काही नाही. होडी ओंडक्यांवरून मागे आली. मी तांब्यातून पाणी घेऊन चालले होते आणि चालतच राहिले, कारण मला कळलंच नाही की आता पाणी नको आहे.

तिसऱ्या दिवशी तुम्ही येऊन दोराचे दोन्ही तुकडे घेऊन गेलात. म्हणालात, पोरीच्या नजरेसमोर नको. तेव्हा मला ते मायेचं वाटलं.

त्यानंतर मी काय केलं ते तुम्ही थोडं पाहिलंत. तुम्ही गेलात त्यानंतरचं सांगते. दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागले, त्यांना जेवायला घालते. दुपारी वेळ मिळतो. मालवणच्या वाचनालयातून पुस्तकं आणते, आधी कथा आणायचे, मग प्रवास, आता मिळेल ते आणते. समजत नाही ते दोनदा वाचते. तुम्ही चार बुकं म्हणाला होता, त्याच्यापुढे मोजणं मी सोडून दिलं. धाग्यांवर आणि रबरावर एक जुनं मराठी पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की नायलॉन, रबर, आपला काथ्या, रेशीम, हे सगळं आत लांबच लांब साखळ्यांचं असतं. डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या साखळ्या, एकेकीला हजारो कड्या. मी ते वाचून मिटून ठेवलं. मनात दोर आला नाही असं नाही, पण पुस्तकात तुमच्या दगडाबद्दल काही नव्हतं.

मग या हिवाळ्यात पुण्याहून एक मुलगी राहायला आली. किल्ला बघायला आली आणि पोट बिघडून चार दिवस माझ्या घरापुढच्या खळ्यातच पडून राहिली. ती प्रयोगशाळेत ह्याच साखळ्या ओढते. मी विचारलं, ओढते म्हणजे? "एकेक, काकू. एक टोक काचेला चिकटवायचं, दुसरं एका अगदी बारीक सुईसारख्या टोकाला, आणि हळूहळू वर घ्यायचं. किती जोर लागतो ते मोजायचं." सासू बाजूलाच होती. तिने मला विचारलं, "हेचे पैशे गावतत तेका?" मी म्हटलं गावतत, पगार असता. सासू म्हणाली, "मगे तुज्या बापाशीक सरकारान काय दिल्यान नाय ता?" ती मुलगी इतकी हसली की पोट धरून बसली.

तिने फरसाणाच्या पुडीचं रबर काढलं. म्हणाली, ओठाला लावा, झटकन ताणा, बघा काय होतं. मी बघितलं, ते कोमट लागलं. मग ताणलेलं ठेवून जरा थांबायचं, सैल सोडायचं आणि परत ओठाला लावायचं, तर गार. सासूलाही करायला लावलं. बोळक्या तोंडाने तिने ते तीन-चार वेळा केलं, मग रबर कमरेला खोचून ठेवलं, द्यायला तयार होईना.

मुलगी सांगत होती ते मी माझ्या शब्दांत लिहिते. साखळी मोकळी असली की सरळ राहत नाही. उष्णतेने तिला सारखे धक्के बसत असतात आणि ती वळवळत, चुरगळून राहते. चुरगळायच्या तऱ्हा अगणित आहेत, सरळ व्हायची एकच. म्हणून ती ओढली की सुटते आणि सोडली की परत गोळा होते. कोणी तिला आत खेचत नाही, तिला फक्त त्या अगणित तऱ्हा परत हव्या असतात. सुरुवातीला ओढायला जोर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. ती उलगडत जाते. पण सगळी उलगडून सरळ होत आली की मग केसभर पुढे नेण्यासाठीही प्रचंड जोर लागतो, कारण आता उलगडायला काही उरलेलं नसतं. आता जोर थेट कड्यांवर येतो. आणि मग कडी तुटते. मी विचारलं, म्हणजे दोर ताणतो तो त्याचा दोष नव्हे? ती म्हणाली, "दोष कसला, काकू? ताणतो म्हणून तर धक्का पचवतो."

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक सांगितलं. साखळ्या एका टोकाने जमिनीला बांधून ठेवल्या, आणि लांब लांब अंतरावर असल्या, तर प्रत्येक आपल्या जागी गोळा होऊन बसते, अळंब्यासारखी. पण दाटीवाटीने बांधल्या तर त्यांना पसरायला जागा मिळत नाही, एकमेकींना ढकलत त्या उभ्या राहतात, ब्रशाच्या केसांसारख्या. कोणी ओढत नसताना ताणलेल्या. अशा साखळ्या माणसाच्या सांध्यांतही असतात म्हणाली, पाणी धरून ठेवतात, म्हणून हाडावर हाड घासत नाही. सासूने आपले गुडघे चोळले. मी मात्र मागच्या वर्षांत गेले. चार जावा, त्यांची मुलं, सासू, एक चूल, आणि मी एका टोकाने त्या घराला बांधलेली. लोक म्हणत, नवरा गेला पण बाई कशी ताठ उभी राहिली. तुम्हीही म्हणायचात, चारचौघांत, अभिमानाने. पसरायला जागा नसली की कोणीही ताठ उभं राहतं, बाबा. मी मुलीला विचारलं, अशी आधीच ताठलेली साखळी आणखी ओढली तर? ती म्हणाली, मोकळीच्या मानाने लवकर कडक होते, सैल भाग आधीच खर्ची पडलेला असतो ना.

मग मी विचारलं. नायलॉनचा दोर दोन माडांमध्ये दगड लावून उन्हाळे-उन्हाळे ठेवला तर काय होतं? तिने चहाचा कप ओठाजवळच धरला. "असं का कोणी करेल?" मी म्हटलं, बसावा म्हणून. तिला शब्द समजला नाही, मी समजावला. कप खाली ठेवून ती म्हणाली, दगडाने साखळ्या सरकतात, सरळ होतात, उलगडायचं होतं ते उलगडून जातं. आणि ऊन साखळ्या तोडतं, बाहेरच्या आधी. तुटके तुकडे एकमेकांना धरून राहू शकत नाहीत. पांढरं पीठ पडतं ते तेच. असा दोर ताणत नाही कारण त्याच्यात ताणायला काही शिल्लक नसतं. "हातात घेतला तर कडक, मजबूत वाटेल, काकू. पण एका झटक्यात जाईल. काही न सांगता." तिने मला कशाबद्दल ते विचारलं नाही. मी भांडी घेऊन आत गेले.

इथवर मी तुम्हाला माफ करायला तयार होते. खरंच सांगते. तुम्ही काथ्याचा माणूस, काथ्याचा नियम नायलॉनला लावलात, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं, पण मी पेज उतू घालवणारी. चूक झाली, माणसांकडून होते. मी मनात तुमची बाजूही मांडून ठेवली होती.

मुलगी गेल्यावर आठवड्याने मी किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेले. तुमच्या वेळचा एक म्हातारा अजून येऊन जाळ्यांजवळ बसतो. त्याला बोलायला माणूस लागतो. तुमचं कौतुक करायला लागला. "तुजो बापूस म्हणजे दोराचो डॉक्टर. पुढे पुढे आमका शिये घाली. नायलॉन उनात घालू नकात मेल्यानू, कडक झालो काय फेकून देवा, पीठ दिसला काय हात लावू नकात. तेंच्यामुळा आमचे होडये सुकरूप ऱ्हवले." मी पिशवी खाली ठेवली. विचारलं, "ह्या कदीपासून सांगूक लागले ते?" त्याने आठवलं. "तुजो घोव गेलो ना, तेच्या मागसून. त्या वर्सापासूनच. आदी तर दगड लावून ठेवीत." मग तोच म्हणाला, "मोठो माणूस. जावय गेलो तरी लोकांची काळजी."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही ते तुकडे घेऊन गेलात, अंगणात बसून उलगडून पाहिलेत, पीठ बोटांना लावून पाहिलंत. तुमच्या बोटांना कळायला पुस्तक लागत नव्हतं. आणि मग तुम्ही एकेका होडीवाल्याला गाठून, शिव्या घालून, त्यांचे जीव वाचवलेत. सगळ्यांना सांगितलंत. वाडीला सांगितलंत, देवगडला सांगितलंत. फक्त एका घरात सांगितलं नाहीत. आमच्या घरी तुम्ही त्यानंतरही दर गणपतीला यायचात, त्याच पाटावर बसायचात, सासू तुमच्यासमोर पदराने डोळे पुसत म्हणायची, घायकुतो होतो, आणि तुम्ही मान हलवायचात. मी ती हलणारी मान बघत चहा गाळायचे. कधीकधी तुम्ही वर जोडायचात, "तरणा रगत." एवढंच. एका वाक्याने तुमचं सगळं गेलं असतं, मला समजतं. लोक परत दोर विचारायला आले नसते. पण माझा नवरा तर मेलेलाच होता, बाबा. मेलेल्या माणसावर किती वजन लटकवायचं?

तुम्ही गेलात तेव्हा मी पुष्कळ रडले होते. तेही आता मला परत घ्यावंसं वाटतं.

परवा सासूला सांगितलं. ती सुकट निवडत बसली होती, मी समोर बसून निवडू लागले. म्हटलं, "आये, तेंच्या घाईन दोर तुटाक नाय. दोर आदीच खल्लास झाल्लो."

"तुका कोणी सांगितला?"

"त्या पुण्याच्या चेडवान."

"रबरवाल्या?" तिचा हात कमरेकडे गेला.

"हां."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे झटको मारूक सांगूक नाय तेना?"

"सांगितल्यानी. पण बरो दोर झटको सोसता, आये. तेच्यासाठीच तो ताणता. ह्यो ताणूकच नाय."

सुपात बराच वेळ नुसती बोटं फिरत होती. निवडलेली सुकट आणि कचरा तिने परत एकत्र केला, तिला कळलं नाही. "मी माज्या झिलाक रोज घायकुतो म्हटलंय," ती म्हणाली. "रोज. पेज पिताना." मग तिने चेहरा पदरात घेतला नाही, की हंबरडा फोडला नाही. एवढंच म्हणाली, "लहान असताना पण तो घाई नाय करी. खेळाक जाताना पण वाणो नीट बाजूक ठेवून जाय." त्यांच्या वहाणांबद्दल ती कधी बोलली नव्हती. मला वाटलं, आला, माणूस परत आला घरात. काल सकाळी पेज पिताना ती गप्प होती. आज म्हणाली, "तेका पेजेत खोबरा आवडी." बस. मला जे हवं होतं ते मला मिळालं, आणि ते तुम्ही एका दुपारी देऊ शकला असता.

पण परवाचं तेवढ्यावर संपलं नव्हतं. सूप बाजूला सारून सासूने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी तिला रोखून बघता येतं. "दोर तुज्या बापाशीन दिल्यानी. तेंका ह्या ठावक होता?"

दोर देताना ठाऊक नव्हतं एवढंच मी म्हणाले असते, तर ते खरं होतं. पण ती नंतरचंही विचारत होती, इतक्या वर्षांचं, पाटावर बसून हललेल्या मानेचं, हे मला कळत होतं. सगळं सांगायचं असं ठरवूनच मी सुपासमोर बसले होते.

"नाय," मी म्हटलं. "तेंका कदीच कळूक नाय."

"मगे तेंचो काय दोष?" ती म्हणाली. "बरो माणूस होतो." आणि परत सुकट निवडायला लागली.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही ते बरंच आहे. पोचलं असतं, तर मी अजून तुमचीच बाजू घेते हे तुम्हाला कळलं असतं.